कांद्याच्या माळेवर टांगलेलं नाव

"पाहुण्यांचे किस्से लिहा," असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या. किस्से पुष्कळ आहेत. "भरती किती वाजता सुरू करता? आमची बस पाचची आहे," असं विचारणारे एक गृहस्थ होते. माडावरचे नारळ रात्रीपुरते उतरवून ठेवा, सकाळी परत लावा, म्हणजे खाली बाजेवर निवांत पडता येईल, असं सुचवणारी एक बाई होती. ती डॉक्टर होती, म्हणून मी काही बोलले नाही. पण चौलच्या आमच्या वाडीत पस्तीसेक वर्षं परक्या माणसांना जेवू घालून मी जी काही अक्कल कमावली, ती सगळी पणाला लागली एका खरेदीत. त्या वस्तूला वजन नाही, वास नाही, पिशवीत घालून ती घरी आणता येत नाही. मी एक नाव विकत घेतलं. तेही माझंच.

आमच्या घरगुती निवासाचं नाव 'माडाखाली'. ते मीच ठेवलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "माडाखाली कोण शहाणा झोपतो गो? टाळक्यात नारळ पडेल." मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजत असे. त्या हुशारीचा नमुना आधी सांगून टाकते, कारण पुढे तो लागणार आहे.

पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला आम्हाला शेजारच्या बापूंची विहिरीलगतची चिंचोळी पट्टी हवी होती. मी ती बघायला एकदा आत्याबाईंना घेऊन गेले, एकदा मावशींना, आणि एकदा माहेरच्या वहिनीला. तिन्ही वेळा विहिरीचं पाणी प्यायले आणि तिन्ही वेळा "किती गोड" असं बापूंना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाले. बापूंनी तिन्ही वेळा भाव वाढवला. सासूबाईंनी मग मला त्यांचा नियम सांगितला: घ्यायची वस्तू एकदाच बघावी, आणि बघताना तोंड दुसरीकडे असावं. पट्टी आम्ही घेतली, माझ्या तीन फेऱ्यांसकट. आजही पाहुणे त्या खोल्यांना 'प्रशस्त' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. त्या जागेची निम्मी किंमत माझ्या मूर्खपणाची आहे.

तर नाव. पंधराएक वर्षांपूर्वी नचिकेत नावाचा संगणकातला एक मुलगा आमच्याकडे दोन दिवसांसाठी आला आणि आठवडाभर राहिला. वालाच्या बिरड्यावर त्याचा फार जीव. जाताना म्हणाला, "काकू, तुमची वेबसाइट करून देतो. पैसे नकोत." मी विचारलं, "ती ठेवायची कुठे?" त्यानं हसून खरंच करून दिली. फोटो, दर, आमचा फोन नंबर, आणि पत्ता: माडाखाली डॉट कॉम.

आता या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते. असं नाव कायमचं विकत मिळत नाही. ते वर्षाच्या भाड्यानं मिळतं. भाडं भरलंत तर तुमचं. नाही भरलंत तर थोडे दिवस वाट बघतात आणि नाव मोकळं सोडतात. मग पहिला हात घालील त्याचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तेव्हा मी कालवणाला फोडणी देत असेन. भाडं नचिकेतच गुपचूप भरत होता, नावही त्याच्याच नोंदीवर होतं. घर आमचं आणि सातबारा पाहुण्याचा, असा तो कारभार.

आणि त्याला आठवण कशाची होत होती, तर कांद्याची. आमच्याकडचा पांढरा कांदा उन्हाळ्यात निघतो, त्याच्या पातीसकट माळा विणतात. दर वर्षी एक माळ मी नचिकेतला पाठवत असे. ती त्याच्या ऑफिसात पोचली की मजलाभर वास सुटायचा, सगळे नाक मुरडायचे, आणि नचिकेतला काकू आठवायची. काकू आठवली की भाडं. ही यंत्रणा वर्षानुवर्षं बिनचूक चालली. मग तो कॅनडात गेला. कॅनडात कांद्याची माळ जात नाही.

हे कळलं लिमयेबाईंच्या फोनमुळे. लिमये सर आमचे सर्वांत जुने पाहुणे. दर डिसेंबरात यायचे, ओटीवर बसून लिहायचे. इंटरनेटवर त्यांचं कोकणातल्या भटकंतीवर लिहिण्याचं एक ठिकाण होतं, तिथे त्यांनी आमच्यावर मोठा लेख लिहिला होता, अगदी मी दुसरी भाकरी न विचारताच वाढते इथपर्यंत, आणि शेवटी आमच्या नावावर बोट दाबलं की आमचं पान उघडेल अशी सोय करून ठेवली होती. सर चार वर्षांपूर्वी गेले. बाई अधूनमधून त्यांचे लेख वाचत बसतात. एक दिवस त्यांचा फोन आला.

"वासंतीताई, राग मानू नका. तुम्ही पत्त्यांचा क्लब काढलात का?"

"छे हो. का?"

"ह्यांच्या लेखातून तुमच्यावर बोट दाबलं, तर रमी निघाली. एक मुलगी आहे, तिच्या हातात तेरा पत्ते आहेत, आणि अंगावर कपडे त्या मानानं फारच कमी."

मी सुनेला हाक मारली. मानसीनं फोनवर उघडून बघितलं. खरंच होतं. आमच्या ओटीचा फोटो असायचा तिथे ती मुलगी उभी, आणि तळाशी पट्टी: 'हे नाव विकणे आहे', पुढे एक मोबाईल नंबर.

"तरीच," मानसी म्हणाली. "तरीच वर्षभर फोन येत नाहीये."

निवास आता मानसीच बघते, मी स्वयंपाकघरापुरती. बाहेरून येणारे नवे पाहुणे आटले होते हे मला माहीत होतं. मी ते नागावला झालेल्या नव्या हॉटेलांवर ढकलत होते. पण मानसीनं त्यावर तोड शोधून ठेवली होती. पुण्याची एक कंपनी अशी घरं चालवायला घेते. रंग त्यांचा, पाटी त्यांची, आचारी त्यांचा. मला त्यांनी 'वारसा यजमान' असं पद देऊ केलं होतं. म्हणजे नऊवारी नेसून दारात बसायचं आणि आलेल्यांना गूळपाणी द्यायचं. जेवणात पनीर.

"आई, तुम्हाला दुखवायचं नाही मला," मानसी म्हणाली. "पण घर रिकामं ठेवून नाही चालणार. दिवाळीपर्यंत आपला फोन आपणहून वाजला नाही, तर मी सही करणार."

ती चुकीचं बोलत नव्हती, हेच जास्त लागलं. तेव्हा श्रावण नुकताच लागला होता.

रेवदंड्याच्या बाजारात शबानाचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स लिहिलंय, आत ती किनाऱ्यावरच्या निम्म्या हॉटेलांच्या वेबसाइटी सांभाळते. मी तिला म्हटलं, "नवं नाव घेऊन टाकू या की. माडाखालीच्या ऐवजी पोफळीखाली."

"घ्या ना काकी, मिळेलही स्वस्त," शबाना म्हणाली. "पण तुम्ही बंदरावर मासळी घ्यायला जाता. नवा माणूस आला तर तो कुणाकडे जातो?"

"जिची मासळी ताजी, त्या कोळणीकडे. सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात."

"बस. सर्चचं तेच. कुणी 'चौलमध्ये राहायला घर' असं शोधलं, की ते यंत्र बघतं, या नावाकडे किती जणांनी बोट दाखवलंय आणि ती माणसं कोण आहेत. ऐऱ्यागैऱ्याची दहा बोटं एकीकडे, आणि ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशाचं एक एकीकडे." तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. "तुमच्या जुन्या नावाकडे अजून बरीच बोटं आहेत. सायकलवाल्यांचा एक क्लब आहे, एक कॉलेज आहे. आणि सगळ्यांत वजनदार आहे हे लिमये म्हणून कुणीतरी. यांचा लेख फार लोकांनी उचललाय."

"ते गेले," मी म्हटलं.

शबानानं दोन्ही हात वर उचलले. "अल्ला त्यांना जन्नत देवो. पण बोट अजून तिथंच आहे, काकी."

त्या वाक्यानं माझं ठरलं. नवं नाव स्वस्तात आलं असतं, पण त्यासाठी लिमये सर पुन्हा कुठून आणायचे? आणि गेलेला माणूस बिचारा वाचणाऱ्या प्रत्येकाला आदबीनं जुगाराच्या अड्ड्यावर पाठवतोय, ही कल्पना मला झोपू देईना.

"मग नाव सोन्याचंच की," मी म्हणाले.

"सोन्याचं होतं. पण बघा, जिच्याकडे सगळे बोट दाखवतात त्या कोळणीच्या टोपलीत एक दिवस पापलेटाऐवजी चपला निघाल्या, तर? गिऱ्हाईक परत येईल? ही रमी म्हणजे चपला. यंत्रानं तोंड फिरवलंय. टोपली धुवायला वेळ लागेल, आणि धुतली तरी पहिल्यासारखी होईल याची हमी मी देणार नाही. तेव्हा बोटांचे पैसे द्या, टोपलीचे कापा."

इतकं नेमकं मूल्यमापन मी जमिनीच्या व्यवहारातसुद्धा ऐकलं नव्हतं.

तिथूनच आम्ही पट्टीवरच्या नंबराला फोन लावला. निघाले उरणचे हरेश घरत. आधी बंदरावर ट्रेलर चालवत होते, मग पाठीनं दगा दिला, तेव्हापासून घरी बसून सुटलेली नावं उचलतात आणि विकतात. "ट्रेलर हुबा करायला जागा लागते, मावशे," ते म्हणाले, "नावाला नाय लागत." माणूस गोड होता. भाव नव्हता. त्यांनी सांगितलेल्या पैशांत एक नवी मोटारसायकल आली असती, हे मी त्यांना सुनावलंही.

मी विचार करून सांगते म्हणाले. इथवर सगळं सासूबाईंच्या नियमाप्रमाणे. आणि मग मी पुन्हा तेच केलं, जे बापूंच्या विहिरीवर केलं होतं.

आमचं देवळात महिलांचं भजनी मंडळ आहे. आमच्याकडे कुणाची आमसुलं वाळत असली तर येणारीजाणारी प्रत्येक बाई त्यांच्यावर नजर ठेवते, शेजारधर्मच तो. त्याच चालीवर मी मंडळात सांगितलं, "बायांनो, आपलं नाव परक्याच्या ताब्यात आहे. रोज एकदा फोनवर उघडून बघत जा. दुसऱ्या कुणी उचललं तर कळायला हवं." बायांनी मनावर घेतलं. भजन संपलं, आरती झाली, प्रसाद वाटला, की सगळ्या जणी फोन काढून माडाखाली डॉट कॉम उघडायच्या. कुसुम, जी टाळ वाजवते, ती तर रमी शिकली. खोट्या पैशांची होती, पण कुसुमच्या तोंडावरचा आनंद खरा होता.

दोनेक आठवड्यांनी शबानाच्या दुकानातून मी पुन्हा फोन लावला. तिनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"मावशे, आता मोटारसायकलीत नाय जमायचा," घरत म्हणाले. "तुमचे नावाला जाम मागणी आली हाय. रोज सांच्याला पाचच्या सुमाराला धडाधड मानसा येतान. गुरवारी त डबल. आता रिक्षाचा भाव."

शबानानं माझ्याकडे पाहिलं. "काकी, तुमचं भजन किती वाजता सुटतं?"

"पाचला," मी म्हणाले. "गुरुवारी जास्त बायका असतात."

तिनं आधी फोन बंद केला आणि मग डोक्याला हात लावला. "या अल्ला. सगळी मागणी तुमच्या देवळातून निघतेय."

सत्तरी ओलांडल्यावर माणसाला शहाणपण येतं म्हणतात. मला एवढंच कळलं की पूर्वी मूर्खपणा करायला मला तीन बायका पुरत, आता अख्खं मंडळ लागतं.

मी मंडळात जाऊन सांगितलं, उघडू नका. तर उलट वाढलं. ज्या उघडत नव्हत्या त्याही उघडायला लागल्या, की असं आहे तरी काय त्यात. कुसुम म्हणाली, "वासंती, तुझं नाव तुला लखलाभ. माझा डाव मध्यावर आहे."

मला काही सुचेना. सुचण्याची गरजही पडली नाही. गणपती आले.

आमच्याकडे गणपती आले की बाकी जग बंद असतं. मखर, मोदक, गौरीचा ओवसा, घरोघरची भजनं, मुंबईहून आलेले सगळे. कुसुमच्या घरी तर चाळीस माणसांची पंगत, तिला स्वतःचा चष्मा सापडत नव्हता तिथे पत्ते कुठले. फोन होते ते फोटो काढायला. मंडळातल्या एकीनंही नाव उघडलं नाही. मीही घरतांना फोन केला नाही. डावपेच वगैरे काही नव्हता, माझे हात पिठात होते.

गौरी-गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीच्या फाटकाशी एक स्कूटर थांबली. जाडजूड, हसरा, पाठीला पट्टा बांधलेला माणूस उतरला. "वासंती मावशी तुम्हीच ना? मी घरत, उरणशी."

मी 'या' म्हणण्याआधी माझी नजर त्यांच्या हातातल्या पिशवीकडे गेली. पिशवीतून शेपटी बाहेर आली होती. जिताडा होता. चांगला हातभर लांब.

रायगडबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जिताडा ही नुसती मासळी नाही, तो अर्ज आहे. आमच्याकडे कुणाचं काम अडलं, की तो खाडीकाठच्या खाजणातला जिताडा पकडतो आणि ज्याच्याकडे काम आहे त्याच्या घरी जातो. साहेबाकडे जिताडा जातो, साहेब जिताडा घेऊन कुणाकडे जात नाही. विकणारा माणूस जिताडा घेऊन घेणाऱ्याच्या दारात उभा राहिला, की भाव बोलायचं काम उरत नाही. घरतांनी जणू बापूंच्या विहिरीचं पाणी माझ्यासमोर पिऊन "किती गोड" म्हटलं होतं.

मी तोंड दुसरीकडे केलं.

"अगोबाई, जिताडा," मी म्हणाले. "मानसी, पाट मांड. तांदळाचं पीठ भिजव."

जेवण होईपर्यंत मी त्यांच्या आईचे गुडघे विचारले, पाठीला कुठला लेप लावता ते विचारलं, आमच्यानंतर बसणारा साखरचौथीचा गणपती त्यांच्याकडे असतो तर नैवेद्याला काय करतात ते विचारलं. नावाचं नाव काढलं नाही. घरत दुसऱ्या भाकरीपर्यंत थांबले. मग म्हणाले,

"मावशे, त्या नावाचा काय ते?"

"कुठलं नाव?" मी म्हणाले.

मानसीला ठसका लागला. तिला पाणी द्यायला मी उठले, तेवढा वेळ घरतांना विचाराला मिळाला.

"तुमी दुसरा नाव घेतला काय? आठ दिस झाले, एक मानूस येत नाय. शुकशुकाट."

"बघतेय. शबाना पोफळीखाली म्हणते, छान आहे. आणि तुमच्या नावात आता चपलांचा वास येतो."

"कसल्या चपला?"

मी त्यांना टोपलीची गोष्ट सांगितली. ट्रेलरवाला माणूस, माल खराब झाला की भाव पडतो हे त्यांना समजवावं लागलं नाही.

"बरा, रिक्षा ऱ्हाव दे. मोटारसायकल द्या."

"आठवड्यानं पितृपंधरवडा लागतोय," मी म्हणाले. "त्यात मी सुईसुद्धा विकत घेत नाही. मग एकदम दसरा. तोवर माझं मन कुठे असेल कुणास ठाऊक. आज म्हणाल तर सायकल."

"गेरवाली?"

"बिनगेरची."

त्यांनी जिताड्याच्या काट्यातलं शेवटचं मांस सोडवलं. "कॅरिअर त द्या, मावशे."

"कॅरिअर देते," मी म्हणाले. आणि आणखी एक तुकडा वाढला.

शबानाला बोलावून तिथल्या तिथे नाव मानसीच्या नोंदीवर चढवलं, पैसे गेले, घरतांच्या फोनवर आल्याची घंटा वाजली. निघताना ते तोंड धुवायला विहिरीवर आले तेव्हा मी त्यांना भजनी मंडळाचं सांगून टाकलं. ते तांब्या हातात धरून उभेच राहिले.

"म्हंजे पाच वाजताची ती मानसा तुमचीच व्हती?"

"आमचीच. आणि जिताडा तुमचा."

घरत इतके हसले की पाठीचा पट्टा सुटला. मग म्हणाले, "आय बोललेली, रिकाम्या हातान जाव नको."

शबानानं टोपली घासायला घेतली. रमीवाली मुलगी गेली, आमची ओटी परत आली. मी लिमयेबाईंना फोन करून सांगितलं, की आता सरांच्या लेखावर बोट दाबा. त्यांनी दाबलं. मग म्हणाल्या, "ह्यांची खुर्ची दिसतेय तुमच्या ओटीवर." ती खुर्ची आमचीच आहे, पण मी दुरुस्ती केली नाही.

फोन मात्र वाजेना. नवरात्र गेलं, कोजागरी गेली. शबाना म्हणे, यंत्र रुसलंय, वेळ द्या. मानसीनं कंपनीच्या माणसाला दिवाळीनंतरची तारीख देऊन ठेवली. मी माझी नऊवारी माळ्यावर टाकून दिली.

वसुबारसेच्या सकाळी मी अनारशांचं पीठ मळत होते, मानसी केळफूल सोलायला बसली होती, आणि फोन वाजला. नाशिकचं कुणी जोडपं होतं. ऐकू येत होतं ते एका बाजूचंच. "हो... हो, सरांच्या लेखातलं तेच घर... नाही, सर आता नाहीत... हो, त्या आहेत ना. इथेच आहेत." मग मानसी हसली. "हो, दुसरी भाकरी त्या अजून न विचारताच वाढतात."

तारखा लिहून घेऊन तिनं फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. उठून आत गेली, कंपनीची ती चकचकीत पुस्तिका घेऊन आली, जमिनीवर उलगडून पसरली आणि तिच्यावर केळफूल सोलायला लागली. केळफुलाचा चीक कशानं जात नाही.

अजून घर पूर्वीसारखं भरत नाही. जी गिऱ्हाइकं त्या वर्षात दुसरीकडे गेली ती गेली, आणि नागावच्या हॉटेलांत पोहण्याचे तलाव आहेत. पण जे येतात ते विचारून, वाचून, आमच्याकडेच येतात. भजनी मंडळाला मी आता हक्कानं सांगते, रोज उघडा गो, जरा वर्दळ दिसू दे. एकही उघडत नाही. कुसुम म्हणते, "आता त्यात काय आहे बघण्यासारखं? नुसती तुझी ओटी."

राहता राहिलं वर्षाचं भाडं. शबानानं ते बँकेतून आपोआप जाईल अशी सोय केली आहे. मला कुणी आठवण करायची गरज नाही, असं ती तीनदा म्हणाली. असेल. पण जिला कांद्याचा वास येत नाही अशा व्यवस्थेवर मी घर टाकत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात पहिली माळ निघाली, ती मी उरणला घरतांच्या आईच्या नावानं पाठवली. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"मावशे, कांदा पोचला. घरभर वास सुटलाय. नावाचा भाडा भरला काय?"

"भरलं," मी म्हणाले.

"बरा. नायतर मी बसलोच हाव टपून."